मावशीची पाऊणकी

अलिबागच्या किल्ल्यावर जायचा बेत कळवला की आमची मावशी पहिला प्रश्न विचारते, “तिथी कोणती?”

मला तारीख ठाऊक असते, वार ठाऊक असतो. तिथी मला फक्त संकष्टीला कळते, तीही डब्यात खिचडी निघाली तर. पण कुलाबा किल्ला घड्याळ जुमानत नाही. तो ओहोटीत चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि भरतीत भर समुद्रात.

मावशीचं गणित सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शाळेत पाऊणकी पाठ केलेली ती बहुधा आमच्या घराण्यातली शेवटची व्यक्ती.

पहिल्या खेपेला मी हे सगळं थोतांड समजून सात माणसं घेऊन थेट गेलो. पौर्णिमा होती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि आम्ही किनाऱ्यावर उभे साडेअकराला. त्यातून उधाणाची भरती. किल्ला समोर असा डुंबत बसला होता, जणू आमच्याशी त्याची ओळखच नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. निदान त्यांच्याकडे जहाजं होती. आमच्याकडे थर्मास होता. “अलिबागहून आलायस का?” हे वाक्य मुंबईत ज्या अर्थानं म्हणतात, त्या अर्थानं मी त्या दिवशी अलिबागला पोचलो होतो.

दुसऱ्या खेपेला अष्टमी निवडली. भरती सहाला, ओहोटी बाराला. भर दुपारची, अगदी सोयीची. पहाटे पाचला पुण्याहून निघायचं ठरलं होतं, म्हणजे साडेसातला निघालो. पेणला सौभाग्यवतींना पोह्याचे पापड दिसले. वडखळला ट्रक दिसले, बराच वेळ तेच दिसत राहिले. तरी साडेबाराला किनारा गाठला आणि पाहतो तर वाटेवर गुडघाभर पाणी!

मावशीला फोन लावला. “अरे, अष्टमीला भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. चांगलं सुकतं ते पुनवेला-अवसेला.”

“पण तेव्हा ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी!”

“मग? तुमच्या पुण्याला विचारून ठेवायची होती का?”

घोडागाड्या होत्या, पण मुलांना पाण्यातूनच जायचं होतं. गेलो. खडकाला चिकटलेल्या कालवांनी तळपायाचा समाचार घेतला. त्या निमित्ताने खाली वाकलो आणि तटाचे दगड जवळून पाहिले. भलेमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही. लाट आपटते, फटींत शिरते, तिथेच तिचा जोर जिरतो आणि निमूट बाहेर येते. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू करवलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं, आणि चिरे अजून जागचे हललेले नाहीत. आमच्या सोसायटीची कंपाउंड भिंत सिमेंटची आहे. तिच्याविषयी इथे नको.

आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. चहूकडे खारट समुद्र आणि मध्ये हे गोडं पाणी! राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या कारखान्यात १८४९ साली ओतलेल्या. धाकटा त्यातल्या एकीवर चढलाच होता, तेवढ्यात खालून घोडागाडीवाल्याची हाक आली, “चला, पाणी भरतंय!”

२०२५ साली युनेस्कोनं बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात शेजारचा खांदेरी आहे, कुलाबा नाही. मावशीनं हे मनाला लावून घेतलंय. “पाहायला आले असतील भरतीच्या वेळी,” असं तिचं ठाम मत आहे.

परतताना पाणी मांडीपर्यंत आलं आणि माझी उजवी चप्पल गेली. मावशीकडे एका पायात चप्पल घालून पोचलो, तर तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, “सहाच्या भरतीला येईल परत. जा, बघ.”

सहाला किनाऱ्यावर गेलो. खरंच एक चप्पल लागली होती. डाव्या पायाची.