खुलासा: वरून सोनेरी झालं म्हणजे आतून शिजलं असं नाही

नाताळ जवळ आला की नाशिकमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतो: टर्कीच्या ब्रेस्टमध्ये सारण भरा, कातडी सोनेरी झाली की ओव्हन बंद करा, आतलं सारणही शिजलेलं असतं. हे चूक आहे, आणि महागात पडू शकतं.

पाव, कांदा, सेलरीचं सारण मांसातून झिरपणारा कच्चा रस शोषून घेतं. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून सारणाचा मधला भाग सगळ्यांत शेवटी तापतो. साल्मोनेलासारखे जंतू मरायला मांस आणि सारण, दोन्हींच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान हवं. रंग बघून ते कळत नाही; टोकदार थर्मामीटर खुपसूनच कळतं. मी दोन्ही ठिकाणी खुपसते.

त्याच मेसेजमधलं 'मांस आधी नळाखाली खळखळून धुवा' हेही सोडा, मैत्रिणींनो. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी निवडून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात.

शरणपूर रोडच्या आमच्या घरी सारण मी वेगळ्या ट्रेमध्येच भाजते, वर थोडं लोणी. कडा मस्त कुरकुरीत होतात, आणि सारण शिजेपर्यंत थांबावं लागत नसल्यामुळे ब्रेस्ट कोरडं पडत नाही.