‘पुदिना तो पुदिनाच’ म्हणणाऱ्या भावाला

‘भावा, नुसत्या थापा. पुदिना तो पुदिनाच, वासातला फरक सगळा माती-पाण्याचा. एसीत बसून लिहू नकोस, रानातल्या औषधाला नावं ठेवू नकोस.’ पुदिन्याच्या वासातला फरक बराचसा जनुकांतून येतो, या माझ्या लेखावरची ही तुमची प्रतिक्रिया. सुरुवात ‘भावा’नं आणि लगेच थापा! कोल्हापुरात आपण तोंडावर बोलतो, कबूल. पण आधी समोरच्याचं ऐकून तरी घेतो. माझा लेख लांबला, हेही कबूल.

आता माती-पाणी. ऊन, पाणी, कापणीची वेळ यानं तेल कमी-जास्त होतं, घटकांचं प्रमाणही हलतं. ते मी लिहिलंच होतं, तुम्ही तिथवर पोचला नाहीत. पण काश्मीरपासून युरोपपर्यंत ओढ्याकाठी माजणारा रानपुदिना, मेंथा लाँजिफोलिया, ठिकठिकाणचा आणून एकाच वाफ्यात लावला तरी मूळचा फरक बराचसा टिकतो. एकाच्या तेलात पुलेगोन भरपूर, दुसऱ्याच्या पिपेरिटोन ऑक्साइड, तिसऱ्याच्या कार्व्होन, हे सगळे वास देणारे घटक. माती तीच, पाणी तेच. मग?

पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक चमकणारे ठिपके दिसतील, त्या तेलग्रंथी. तिथं लिमोनिन तयार होतं, या वासाच्या घटकांचा कच्चा माल. त्याच्या सहाव्या कार्बनला ऑक्सिजन जोडला गेला की वाट कार्व्होनकडं, तिसऱ्याला जोडला गेला की मेंथॉलकडं. कुठं जोडायचा ते विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, ठरवतं आणि विकर कसलं असणार ते जनुक. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याच्या या विकरातलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि ऑक्सिजन सहाव्याऐवजी तिसऱ्या कार्बनवर बसायला लागला, हे 2000 साली प्रसिद्ध झालंय. तिथं कुणी माती बदलली नव्हती, साहेब.

लक्ष्मीपुरीच्या बाजारातल्या जुड्या तुम्हाला सारख्या लागतात, कारण बाजारचा पुदिना काड्या खोचून लावतात. वाफाच्या वाफा एकाच झाडाची नक्कल. रानातला बियांवाटेही पसरतो, संकरही होतो.

एसीचं म्हणाल तर माझी आजी भाजी विकायची, मी तिच्या पाटीमागं वाढलो. पुढं शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकलो, क्लेव्हेंजरच्या, म्हणजे पानातलं तेल वाफेनं काढायच्या उपकरणाच्या, नळीत पाण्यावर तरंगणारं तेल मोजत रात्री काढल्या. आणि तुम्ही मला पुदिना शिकवणार?

औषधाला नावं ठेवलेली नाहीत. पुलेगोन जास्त असलेलं तेल पोटात गेलं तर यकृताला मार बसतो, एवढंच लिहिलं होतं. चटणीतल्या चार पानांचा तिथं संबंध नाही.

पुढच्या वेळी स्वतःच्या नावानं लिहा. ‘करवीरचा वाघ’ला अहो म्हणायचं की अरे, हेच मला कळेना.