पिस्तूल, कुत्री आणि रानडुक्कर : लांज्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दादरला गाडीत चढल्यावर उघडली आणि बोरिवली येईपर्यंत तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. तिसऱ्यांदा वाचताना कळलं की एका मुद्द्यावर तुम्ही सरळ बरोबर आहात आणि मी चुकलोय. म्हणून हे उत्तर लांबतंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासला मावसभावाकडे गेलो असताना कुत्री आणि रिव्हॉल्व्हर घेऊन केलेली डुकराची शिकार पाहिली. मागच्या महिन्यात त्यावर लिहिलं आणि शेवटी ‘हे आपल्याकडे येऊ नये’ असं म्हटलं. त्यावर हे वाचक, मूळचे लांज्याचे, सध्या विक्रोळीला, लिहितात : “तुम्हाला कुत्र्यांचा कळवळा आहे, शेतकऱ्याचा नाही. डुक्कर मारायला पूर्ण बंदी आहे हे साफ खोटं. अमेरिकेत चालतं ते आम्हाला का नको? शेतकऱ्याला पिस्तुलाचा परवाना द्या, चांगली कुत्री द्या, दोन वर्षांत कोकणात डुक्कर दिसणार नाही. आमचा पांड्या कुत्रा एकटा डुक्कर अडवतो. मर्दानी काम आहे ते, बोरिवलीच्या फ्लॅटमधून कळायचं नाही.”

आधी माझी चूक. ‘पूर्ण बंदी’ हे मी लिहायला नको होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ९ शिकारीला बंदी घालतं, पण कलम ११ मध्ये वाट ठेवलेली आहे. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारण नोंदवून, लेखी, ते मारायची परवानगी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार थेट पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. बिहार आणि उत्तराखंडात काही ठरावीक जिल्ह्यांत, ठरावीक मुदतीसाठी रानडुकराला उपद्रवी जनावर म्हणूनही जाहीर केलं होतं. तेव्हा ते वाक्य मी मूळ लेखात बदललंय, खाली तुमचा उल्लेखही केलाय.

पण त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी तुमच्या बेताच्या आड येतात. एक म्हणजे ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही. पाठलाग करणं, हुसकणं, फास लावणं, आमिष दाखवणं हे सगळं येतं. म्हणजे पांड्याला डुकराच्या मागे सोडलंत की एकही बार न काढता तुमच्या हातून शिकार झाली. दुसरी, परवानगीने मारलं तरी ते जनावर सरकारजमा होतं. वाटे पडत नाहीत. गावातल्या किती जणांचा उत्साह एवढं ऐकल्यावर टिकेल, ते तुम्हीच मनाशी मोजा. मी आमच्या वाडीपुरतं मोजलंय आणि आकडा सांगत नाही.

आता पिस्तूल. इथे मला वाटतं माझ्या लेखातच काहीतरी कमी पडलं, कारण तुमच्यासारखंच आणखी तिघांनी विचारलंय. लेख वाचून असं वाटलं असावं की माणूस पिस्तूल घेऊन डुकरामागे धावतो आणि धाडकन पाडतो. तसं काही नसतं. त्या रात्री सहा तासांत एकच गोळी झाडली गेली.

आधी सुटतात ती शोधणारी कुत्री. आमच्याबरोबर कॅटाहूला जातीची दोन आणि काळ्या तोंडाचा एक ‘कर’ (हीसुद्धा तिथल्या कुत्र्याची जातच) होता. ही डुकराला तोंड लावत नाहीत. त्याला कुठेतरी कोंडून, चार हात अंतर ठेवून भुंकत राहतात. प्रत्येकाच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा. माणसं अर्धा-पाऊण मैल मागे, हातातल्या पडद्याकडे बघत उभी. मग भुंकणं बदलतं. आतापर्यंत तुटक असलेला आवाज एका जागी ठरतो आणि सलग येऊ लागतो. तेव्हा दोरीला बांधून ठेवलेलं धरणारं कुत्रं सोडतात. आमच्याकडचा बुलडॉग होता, अंगात चिलखतासारखं जाड जाकीट, गळ्याला चार बोटं रुंद पट्टा. तो जाऊन कान पकडतो आणि सोडत नाही. मग एक माणूस मागून डुकराचे मागचे पाय उचलतो, दुसरा खांद्यामागे सुरी घालतो. बहुतेक वेळा तिथेच संपतं. सुरी का? कारण सुरी आरपार जाऊन पलीकडच्या कुत्र्याला लागत नाही.

त्या रात्री डुक्कर ओढ्याच्या कपारीत पाठ लावून बसला. मागून जायला जागाच नव्हती. भावाच्या शेजाऱ्याने आधी कुत्री ओढून बाजूला घेतली, त्यात दोन-तीन मिनिटं गेली असतील, आणि मग .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर कानामागे हातभर अंतरावर नेऊन एकदा चाप ओढला. डुकराच्या खांद्यावर कुर्च्यासारख्या जाड कातडीची ढाल असते, म्हणून खांद्यावर कोणी धरत नाही. रायफल का नाही, हे मी विचारलं होतं. तो म्हणाला, झुडपात लांब नळी फिरत नाही आणि एक हात कुत्र्याच्या पट्ट्याला लागतो. म्हणजे तिथे पिस्तूल असतं ते कुत्र्यामुळे. कुत्री काढून टाकली तर त्या रानात पिस्तूल घेऊन जाणाऱ्या माणसाला डुक्कर दिसणारसुद्धा नाही.

आता हे लांज्यात आणू. आपल्याकडे परवान्यावर मिळणारं नेहमीचं हत्यार म्हणजे .३२ चं रिव्हॉल्व्हर. ९ मिलिमीटर, .३८, .४५ ही मापं सर्वसामान्यांना बंद. मॅग्नमच्या गोळीची ताकद .३२ च्या सात-आठ पट भरते. पिसाळलेल्या एकांड्या सुळेवाल्याच्या अंगावर .३२ झाडणं म्हणजे त्याला पत्ता कळवणं. शस्त्र कायदासुद्धा पीक राखणीसाठी नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचं. बिचाऱ्या त्या बंदुकीची तुम्ही प्रतिक्रियेत पुढे थट्टा केलीत, पण माळ्यावर बसून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, पंधरा-वीस पावलांवरून बार काढणारा म्हातारा डुकराच्या बाबतीत पिस्तूलवाल्यापेक्षा केव्हाही भारी. (परवानगीचा कागद खिशात असेल तर, हे पुन्हा लिहितो, नाहीतर उद्या दुसरी प्रतिक्रिया येईल.)

आणि आता कुत्री. हा कळवळ्याचा मुद्दा मी टाळणार नाही. त्या रात्री ‘कर’च्या मांडीवर वीतभर जखम झाली. शेजाऱ्याने पिशवीतून कातडी शिवायचा स्टेपलर काढला, टकटक सहा टाके मारले, इंजेक्शन दिलं, कुत्रं गाडीत. सगळी सवयीची हालचाल. मला आठवला आमच्या आजोबांचा वाघ्या. मी आठवीत होतो, दिवाळीची सुट्टी, भात कापणीला आलेलं. पहाटे हाकारे करत सगळे खळ्याकडे गेले आणि वाघ्या पुढे पळाला. परत आला तो पोट हाताने धरून आणावा लागला. आजोबांनी दाभणात गोणी शिवायचा दोरा ओवला, आजीने हळद दाबली. तीन दिवस पडवीत होता. तालुक्याला नेलं असतं, पण एसटी दुपारची एकच आणि कुत्र्याला कंडक्टर घेईना. गोष्ट रडवायला सांगत नाही. टेक्सासच्या त्या कुत्र्यामागे जाकीट, जीपीएस, औषधाची पेटी, पिकअप गाडी आणि चार पिढ्यांची निवडून केलेली पैदास आहे. तुम्ही म्हणता ‘चांगली कुत्री द्या’, त्या तीन शब्दांत एवढं सगळं येतं. वाडीवर येणार ते नुसतं पिस्तूल, आणि पुढे धावणार पांड्याच.

‘अमेरिकेत जमतं’ हेही तपासू. तिथे डुक्कर परका. १५३९ मध्ये दे सोतो या स्पॅनिश मोहीमवाल्याने फ्लोरिडात जिवंत डुकरं उतरवली, पुढे शिकारीच्या हौसेपायी युरोपातले रानडुक्कर आणून सोडले. आज सरकारी अंदाजाने साठ लाखांच्या वर आहेत. टेक्सासने २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही नको केला. कमी झाले? नाहीत. टेनेसीची गोष्ट तर अजब आहे. १९९९ मध्ये तिथे राज्यभर शिकार खुली केली, म्हणजे संपतील. उलट ते नव्या नव्या जिल्ह्यांत दिसू लागले, कारण मजा आली तशी माणसंच त्यांना गाड्यांत घालून नव्या रानात सोडू लागली! २०११ मध्ये धोरण उलटं फिरवावं लागलं. मिसूरीने तर २०१६ पासून आपल्या राखीव रानात हौशी शिकाऱ्यांना डुक्कर मारायलाच बंदी केली. कारण साधं आहे. कळपातले दोन मारले की उरलेले बारा फुटतात, शहाणे होतात, रात्रीचे होतात आणि पलीकडच्या शिवारात घुसतात. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते. तिथले वनकर्मचारी आठवडाभर मका टाकून अख्खा कळप पिंजऱ्यात यायची सवय लावतात आणि सगळे आत आले की दार पाडतात. कंटाळवाणं काम, फोटो काढण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे डुक्कर इथलाच आहे, बिबट्याचं ते खाणं आहे. आमच्या बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबटे भटक्या कुत्र्यांवर जगतात, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुमच्याकडचं डुक्कर संपलं तर बिबट्या कुठे बघेल, ते सांगायला नको.

‘मर्दानी’बद्दल एवढंच : साहेब घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारायचा, त्याचे क्लब होते, चषक होता. स्काउटवाल्या बेडन-पॉवेलने १८८३ मध्ये मेरठचा कादिर चषक जिंकला. तेव्हाही रान उठवायला पायी चालणारे आपलेच लोक असत. त्यांना चषक मिळाल्याचं कुठे वाचलं नाही.

शेतकऱ्याच्या कळवळ्यावर मात्र तुम्ही मला मोडीत काढू नका. माझी संगमेश्वरकडची दोन एकरं गेली नऊ वर्षं पडीक आहेत. आमच्या वाडीत अशी किती, तुमच्या वाडीत किती? आपण सगळे इकडे लोकलला लोंबकळायला आलो, तिकडे वरकसात करवंद-घाणेरी माजली, आणि डुकराला घरापासून शंभर पावलांवर दिवसाची लपायची जागा झाली. राखणीला माळ्यावर झोपणारा माणूस उरला नाही. सुरण, कणगी, करांदे सगळं उकरून जातं, भात लोळवतात, हे मी दर गणपतीत बघतो. जे मागे राहिले त्यांनी मग गावठी बॉम्ब पेरले, फासक्या लावल्या, तारेत वीज सोडली. बॉम्बने गायीचे जबडे गेले, फासकीत बिबटे अडकले, तारेला माणसं चिकटली. या सगळ्याच्या जागी तुम्हाला पिस्तूल बरं वाटतं, ते मला समजतं.

आमच्या वाडीने गेल्या वर्षी सात घरांनी मिळून सौर कुंपण घातलं. एकेकट्याने घातलं असतं तर डुक्कर शेजाऱ्याकडे गेलं असतं, एवढंच. चमत्कार झाला नाही. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो, दर आठ दिवसांनी खालचं रान मारावं लागतं आणि ते कोणी मारायचं यावर दोनदा भांडण झालं. तरी आश्विनात भात घरी आलं. नुकसान झालं तर वनखात्याकडे पंचनाम्याचा अर्ज लगेच द्या, उशीर केला की कागद परत येतो. हा अनुभव आमच्या काकांचा.

पांड्यासाठी एक सांगतो. गळ्यात रुंद चामडी पट्टा घाला, खिळ्यांचा मिळाला तर उत्तम. तो बिबट्यासाठी. डुकरासाठी त्याचा उपयोग नाही, डुकराचा सुळा खालून वर येतो. रात्री पांड्याला बांधून ठेवा.