कडेला काही नव्हतं

फ्रेम तयार झाल्याचा फोन आला म्हणून गेलो, तर दुकानदाराने वर्तमानपत्र सोडून माझं चित्र समोर ठेवलं आणि ते टायफॉइडमधून उठलेल्या माणसासारखं बारीक दिसत होतं. ओळख पटत होती, पण अंगावर काही उरलं नव्हतं.

"कडा कुठे गेल्या?"

"फाटल्या होत्या. सरळ करून दिल्या," तो म्हणाला. वर दिलदारपणे, "त्याचे वेगळे नाही लावले हां."

चित्र माझ्या एका चित्रकार मित्राचं. पुण्याच्या हातकागद संस्थेतला जाड कागद. त्यावर आधी गेरू, गेरूवर रोलरने फिरवलेला करडा, आणि तो ओला असतानाच नाइफने जागोजागी खरवडलेला. त्यामुळे करड्याच्या पोटातून गेरू वर येतो. डावीकडे करडा विरळ होत होत कागदाच्या झिरमिळ्या कडेपर्यंत जायचा आणि तिथे रंग कुठे संपला, कागद कुठे सुरू झाला, हे सांगता यायचं नाही. मला ते चित्र आवडलं होतं ते तेवढ्या दोन बोटं जागेसाठी. हातकागदाच्या कडा तशाच असतात, त्या फाटलेल्या नसतात, हे मी समजावलं.

"रेडी फ्रेम बारा बाय अठराची आहे, साहेब. तुमचं ऑड साइझ होतं."

"म्हणून चित्र कापायचं?"

"चित्र कुठे कापलंय? चित्र मधे आहे. कडेला काही नव्हतं."

काउंटरला एक काका टेकून उभे होते. दिवंगत वडिलांचा फोटो मोठा करून मढवून घेतला होता, तो घ्यायला आलेले. मोजणी खात्यातून निवृत्त. हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि लगेच प्रकरण ताब्यात घेतलं.

"काय होतं हो कडेला?"

"करडा रंग होता."

त्यांनी चष्मा बदलला. "करडा तर आहे की. भरपूर आहे."

"तो वेगळा होता. विरळ. त्याच्याखालून गेरू दिसायचा."

"गेरू इथेही दिसतोय." काचेवर बोट. बोटाचा ठसा अजून आहे.

"तिथे तो संपत जायचा हो!"

"म्हणजे संपतच होता ना?" काका दुकानदाराकडे बघून म्हणाले. दुकानदाराने मान डोलावली. एक मत गेलं.

मग काकांनी मला हद्दीचा कायदा सांगितला. शेजाऱ्याने बांध कोरला अशी तक्रार आली, की अर्जदाराने खूण दाखवायची. इथे दगड होता, इथे बोरीचं झाड होतं, इथवर विहिरीचं पाणी यायचं. "तुमच्या चित्रात खूण कुठाय? झाड नाही, घर नाही. गणपतीचा कान कापला असता तर मी स्वतः ह्याला सोडला नसता. पण तुमचं गेलेलं क्षेत्र तुम्हालाच दाखवता येत नाही. अर्ज टिकणार नाही."

खरं सांगतो, मला काही सुचेना. त्या भाषेत अमूर्त चित्राची बाजू मांडणारा वकील अजून जन्माला यायचाय.

चित्रकार सय्यद हैदर रझांचं चित्र असतं तर सोपं होतं. त्यांचा तो मोठा गोल बिंदू कडेने कापला की ग्रहण लागल्याचं काकांनाही दिसलं असतं. पण चित्रकार नसरीन मोहमदींच्या शाईच्या केसाएवढ्या रेषा? त्यातल्या चार कमी झाल्या तर ह्याने "रेषा तर आहेत की" म्हणून वर चकचकीत काच लावली असती. जेराम पटेल लाकूड ब्लोटॉर्चने जाळून चित्र करायचे. ते ह्याने पॉलिश मारून दिलं असतं, आणि पॉलिशचेही वेगळे लावले नसते.

आणि चित्रकार वासुदेव गायतोंडे! नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा माणूस पुढे दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहून रोलर आणि नाइफने रंग चढवायचा, काढायचा, कागदाचे कपटे दाबून उचलायचा, आणि वर्षाकाठी मोजकी चित्रं पुरी करायचा. बहुतेकांना नावसुद्धा द्यायचा नाही. त्यातलं एक २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेलं. हा आकडा मी काकांना मुद्दाम सांगितला. काकांचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. "स्क्वेअर फुटाला काय पडला?"

तिथे मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आपल्याकडे शाळेशाळेतून एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा होतात. फुलदाणीला सावली कशी द्यायची, संकल्पचित्राला बॉर्डर कशी मारायची, सगळं घोटून घेतात. दहावीला जादा मार्क मिळतात म्हणून पालक रंगपेट्याही आणतात. पण करड्याशेजारी गेरू ठेवला की दोघांचं काय होतं, हे दोन मिनिटं बघत बस, असं त्या अख्ख्या प्रकरणात कोणी सांगत नाही. त्याला मार्क नाहीत. मग मोठेपणी त्या पोराच्या हातात कटर येतो.

"निदान कापलेल्या पट्ट्या तरी द्या," मी म्हटलं.

दुकानदाराने खाली वाकून इकडेतिकडे केलं आणि थांबला. काकांच्या वडिलांचा फोटो फ्रेमला ढिला होत होता. माझ्या पट्ट्या जाड, चांगल्या. मागे दाबून बसवल्या होत्या. वर हार्डबोर्ड, त्यावर खिळे, त्यावर टेप.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी फोटो छातीशी धरला.

"वडिलांना आता उघडायचं नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी वर्षश्राद्ध आहे."

हद्दीचं म्हणाल तर माझं क्षेत्र आता त्यांच्या ताब्यात होतं, खुणेसकट. पण हे मी बोललो नाही. साडेआठशे रुपये मोजले. दुकानदाराने पन्नास सुटे नाहीत म्हणून नऊशे घेतले आणि "पुढच्या वेळी" म्हणाला.

घरी येऊन बघतो तर काच थेट रंगावर टेकवलेली. नाइफने उचललेला जाड थर उजव्या कोपऱ्यात होता, तो चपटा होऊन काचेला चिकटलाय. समोर उभं राहिलं की ट्यूबलाइट आणि माझी बनियन दिसते.

रात्री मित्राचा मेसेज : लागलं का भिंतीवर? फोटो पाठव. मी बराच वेळ कोन शोधत राहिलो आणि असा फोटो काढला, की काचेतली ट्यूब नेमकी डाव्या कडेवर आली. त्याचं लगेच उत्तर आलं : "फार चकाकतंय रे, डावी बाजू दिसतच नाही. कुठून केलीस फ्रेम? रविवारी येतो. दोघं जाऊ आणि काच बदलून घेऊ."