"खऱ्या लेखकाला हेवा वाटत नाही" म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड फिरायलाय, बेळगावातल्या आमच्या साहित्याच्या ग्रुपवर तर दोघातिघांनी टाकला. म्हणणं असं की खऱ्या लेखकाला कुणाचा हेवा वाटत नाही, स्वतःवर शंका येत नाही, गावात बसून कुणी मोठा लेखक होत नाही, आणि तो रोज न चुकता हजार शब्द लिहितो. खाली हात जोडलेले इमोजी. ते वाचून एक पोरगी म्हणाली, मग मी सोडूनच देते लिहायचं. म्हटलं, थांब गं.

पहिलं हेव्याचं. थंडीत आपल्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशी गावोगावची संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी, भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. त्या कविसंमेलनात एखाद्याला जोरात टाळ्या पडल्या की पुढच्या नंबरच्या कवीकडे बघा, कागदाची घडी घालतोय, उघडतोय, परत घालतोय. तो काय खोटा कवी? मला क्रिकेटरचा कधी हेवा वाटला नाही, कारण मला तिथं काही करायचंच नाही. हेवा वाटला की नेमका कशाचा ते शोधा. टाळ्यांचा असेल तर दोन दिवसात उतरतो, सोडून द्या. पण "तिच्या कथेतली सासू चार वाक्यात उभी राहिली आणि माझी दोन पानं खाऊनसुद्धा उभी राहिना" असा असेल तर ती कथा परत काढा, पेन्सिल घेऊन बसा, सासू पहिल्यांदा तोंड कधी उघडते, तोवर कोण तिच्याबद्दल काय बोललंय, लेखिकेने काय सांगितलंच नाही, सगळं खुणा करून बघा. माझी तरी निम्मी शिकवणी अशा जळण्यातूनच झालीय.

शंकेचं तर हसूच येतं. जर्मनमध्ये लिहिणारा जगप्रसिद्ध कथा-कादंबरीकार काफ्का, त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं की माझे कागद न वाचता जाळून टाक. 1924 साली काफ्का गेला, ब्रोडने ऐकलं नाही, आणि पुढच्याच वर्षापासून त्याच्या कादंबऱ्या छापून यायला लागल्या. आता ह्याला कच्चा लेखक म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आपल्या सीमाभागात ह्या शंकेला अजून एक फाटा आहे. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, पोरांची शाळा इंग्लिश, मग पुण्याच्या दिवाळी अंकाला कथा पाठवताना वाटतं, आपलं मराठी त्यांना गावंढळ वाटेल काय, आणि एकेक वाक्य घासत बसलं की खानापूरची म्हातारी सदाशिव पेठेतल्यासारखी बोलायला लागते. म्हणून पहिला खर्डा पुरा होईपर्यंत शंकेला दाराबाहेर बसवायचं. दुसऱ्या खर्ड्याला मात्र हाक मारून आत घ्यायचं, कारण म्हातारी खोटं बोलतेय हे पण तीच सांगते.

गावात बसून काही होत नाही म्हणे. इंदिरा संत बेळगावातच राहिल्या, इथंच शिक्षणाच्या क्षेत्रात नोकरी केली, इथंच कविता लिहिल्या, 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढचा मुद्दा.

रोज हजार शब्द! सुगीच्या दिवसात शेतात राबून आलेल्या बाईला, नाहीतर निपाणीहून रोज बसने अप-डाऊन करणाऱ्या माणसाला हे सांगून बघा, काय उत्तर मिळतंय ते. आठवड्याला एक पान झालं तरी चालतंय की, फक्त ते कुणाला तरी वाचून दाखवायची तारीख आधी ठरवा. उत्साह येईल मग लिहीन म्हणून बसलं की बसूनच राहतो माणूस, आणि कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की रात्री अकराला पण लिहून होतं. आम्ही तिघं महिन्याच्या शेवटच्या रविवारी टिळकवाडीत बसतो, नवीन पान आणलं नाही त्याने चहा-भज्यांचं बिल भरायचं, उधारी चालत नाही.