बाद झालात? ५० रुपये काढा!

गोल्फच्या स्पर्धा भरवून गावातल्या संस्थांसाठी पैसे उभे करतात, असं एका लेखात वाचलं आणि आधी हसूच आलं. आमच्या अमळनेरकडे गोल्फ म्हणजे टीव्हीचं चॅनल बदलताना दिसतो तेवढाच. पण त्यातला स्क्रॅम्बल नावाचा खेळायचा प्रकार आवडला. चौघांनी फटके मारायचे, त्यातला चांगला निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. नवख्यालाही लाज नाही. आणि फसलेला फटका परत मारायची सवलत, मलिगन, ती स्पर्धा भरवणारे निधीसाठी चक्क विकतात!

आम्ही मागच्या मे महिन्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी टेनिस बॉलचे सामने भरवले. सकाळी ६ ला सुरू, १० ला बंद. नंतर खान्देशातल्या उन्हात चेंडूसुद्धा सावली शोधतो. मंडप, भोंगा आणि कमरेएवढा चषक यातच निम्मी वर्गणी उडाली. टाकी १००० लिटरची ठरली होती, आली ५०० ची. चषक मात्र अजून चकचकीत आहे, ज्यांनी जिंकला त्यांच्या घरात त्यात लसूण ठेवतात.

यंदा बाद झालेल्याला ५० रुपयांत पुन्हा बॅटिंग द्यायची म्हणतोय. आमचे सरपंचकाका पहिल्याच चेंडूवर दांडी उडवून घेतात. म्हणजे टाकीचं झाकण तरी त्यांच्याकडूनच निघेल, काय भो?