उगमाला गेलो आणि उभा राहिलो

बारा वर्षे डोंबिवलीहून उभ्याने प्रवास केल्यावर मला असा साक्षात्कार झाला की, लोकलमध्ये बसायला मिळण्यासाठी पूर्वपुण्याई नव्हे, तर गाडी सुटते त्या गावात घर लागते. म्हणून आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 68 किलोमीटरांवर आहे हे मला ठाऊक होते. परंतु बसून केलेले 68 किलोमीटर उभ्याने केलेल्या 48 पेक्षा कमीच भरतात, हे गणित मी सौभाग्यवतींना कागदावर सोडवून दाखवले होते.

बिल्डरच्या माहितीपत्रकात 'स्टेशनपासून 5 मिनिटांवर' असे छापले होते. शेअर रिक्षाला शेवटचे गिऱ्हाईक मिळेपर्यंतच तेवढा वेळ जातो, हा भाग वेगळा. असे माहितीपत्रक वाचणारा मी एकटाच नव्हतो. 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले हे गाव 2011 मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले होते, आणि पुढची शिरगणती मी रोज सकाळी फलाटावर स्वतःच करतो.

पहिल्या दिवशी सातच्या सुमाराची बदलापूर लोकल फलाटाला लागली, तेव्हा मी खिडकीचे स्वप्न उराशी धरून उडी मारली, आणि पाहतो तो काय, सगळ्या खिडक्यांना माणसे लागलेली! गाडी तर इथूनच सुटणार होती. दोघे गाढ झोपले होते, आणि एका गृहस्थांनी शेजारच्या जागेवर घडी घातलेला निळा रुमाल पसरून त्यावर डब्याची पिशवी ठेवली होती. मी नम्रपणे विचारले, "आपण कुठे बसलात?"

"अंबरनाथला."

"पण अंबरनाथ तर पुढे आहे."

"म्हणून तर मागे आलो," ते शांतपणे म्हणाले, आणि निळ्या रुमालाची सुरकुती काढू लागले.

याला 'डाऊन करून येणे' म्हणतात. अंबरनाथची मंडळी आधी उलट्या दिशेच्या गाडीने बदलापूरला येतात, ती गाडी परत फिरते तेव्हा जागचे हलत नाहीत, आणि आपल्याच गावावरून दुसऱ्यांदा, पण आता बसून, जातात. यात अन्याय आहे हे मी चार-सहा महिने मोठ्या तळमळीने सांगत होतो. सांगताना मी चौथ्या सीटवर असे. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर मिळणारी अशी जागा, जिथे डावी मांडी बाकावर आणि उजवी परमेश्वराच्या भरवशावर असते. एरवी मला शास्त्रीय संगीताची आवड आहे, तथापि कल्याण ते ठाणे या टप्प्यात "ठाण्याला कोणी उठणार का?" या प्रश्नाइतके आर्त काही मी म्हटलेले नाही.

शेवटी मी कर्जतपर्यंतचा पास काढला. आता पहाटे घरातून निघून मुंबईकडे पाठ करून कर्जतला जातो, तिथून सुटणारी लोकल पकडतो आणि खिडकीशी ऐसपैस बसतो. उल्हास नदी छान दिसते. परवा नेरळला एक वृद्ध गृहस्थ चढले, माझ्या शेजारी पसरलेल्या रुमालाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बदलापूरचे का?"

मी डोळे मिटून घेतले.